तळ कोण बघतंय?

पिशवी हातात आली की मी आधी ती उलटी करते. बंगळुरूत आमच्या घराजवळच्या मैदानात अधूनमधून हातमाग आणि हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. तिथं पिशव्यांच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या बायका कापड बघतात, कलमकारी आहे की इकत ते बघतात, चेन ओढून बघतात, आतला मोबाइलचा खण चाचपतात. मी तळावर अंगठा दाबते. दुकानदाराला वाटतं मी किमतीची चिठ्ठी शोधते आहे. तो वाकून सांगतो, "साडेतीनशे, मॅडम." मी मान डोलावते आणि तळाच्या कडेनं बोट फिरवत राहते. आत पुठ्ठा असेल तर बोटाला लगेच कळतं. पुठ्ठा दाबला की पहिल्यांदा ताठ राहतो, मग एकदम दबतो, आणि दबला की तसाच राहतो. कळलं की मी पिशवी हळूच जागेवर ठेवते. त्या माणसाचा काही दोष नसतो. पण चौतीस वर्षं झाली, पुठ्ठ्याच्या तळाची पिशवी माझ्याच्यानं विकत घेववत नाही.

शनिवारी दुपारी सोसायटीच्या क्लबच्या खोलीत आम्ही सहा-सात जणी शिवायला बसतो. शिकवणारी म्हणायला मी, पण तिथं सगळ्याच एकमेकींना शिकवतात. प्रत्येकीची भाषा वेगळी, त्यामुळं पिशवीच्या एकेका भागाची चार-चार नावं होतात. हिंदीवाली 'पेंदा' म्हणते, गुजराती बाई 'तळियुं' म्हणतात. तमिळमध्ये 'अडि' आणि तेलुगूत 'अडुगु'. तळालाही तोच शब्द आणि पावलालाही. कन्नडमध्ये मात्र आमचाच शब्द आहे: तळ. तो शब्द कन्नड बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि तो ऐकून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी पिशवीचा तळ म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं.

आमचं घर मिरजेला, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. मिरज दोन गोष्टींसाठी ओळखली जाते. एक तंतुवाद्यं, सतारी आणि तानपुरे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या बनतात. दुसरी गोष्ट दवाखाने. १८९४ साली विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्यामागून एकेक करत इतके दवाखाने झाले की पेशंटचं गाव अशीच मिरजेची ख्याती झाली. सीमेपलीकडून, अथणी, चिकोडी, विजापूरकडून माणसं उपचाराला येतात. स्टेशनवर उतरणाऱ्यांत एखाद्याच्या खांद्यावर गवसणीतला तानपुरा असतो आणि दहा जणांच्या काखेत एक्सरेचा मोठा लिफाफा. माझ्या आईच्या शिवणकामात ही दोन्ही गावं एकत्र आली.

आई आधी गवसण्या शिवायची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, त्यात भागत नव्हतं. शेजारच्या चाची वाद्यांच्या दुकानांसाठी गवसण्या करत, त्यांनी आईला हाताशी घेतलं. तानपुऱ्याची गवसणी म्हणजे लांबलचक पिशवीच, पण तिचं सगळं मर्म खाली, भोपळ्यापाशी. तो भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. वाळून कडक झालेला, दिसायला दणकट, पण कुठं टेकताना दणका बसला की तडकतो. म्हणून चाची गवसणीचा तळ वेगळा करत. खाली मांजरपाट, वर गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्याचे दोन पदर, पुन्हा मांजरपाट. आणि मग मधल्या ठिपक्यापासून बाहेर गोल गोल टाके घालत जायचं, चुंबळीसारखे. आई म्हणायची, "ही तर गोधडीच झाली की." चाची म्हणायच्या, "गोधडीच, पर खडी रहनेवाली."

उभी राहणारी गोधडी. पिशवीला स्वस्तात ताठ तळ देण्याचा मला ठाऊक असलेला सगळ्यांत जुना उपाय हाच. विकत काही आणायला नको. जुनं सुती कापड सहा-सात पदरी घ्यायचं, मध्ये गोणपाटाचा एक पदर, आणि एका बोटाच्या अंतरानं उभे-आडवे टाके मारायचे. टाके जितके जवळ तितका तळ ताठ. आज त्या जागी जुन्या जीन्सचे तीन पदर घेतले तरी चालतं. हा तळ फळीसारखा टणक होत नाही, पण वजन आलं तर झोळीसारखा खालीही जात नाही. शिवाय पिशवीबरोबर धुता येतो. फक्त हात दुखेस्तोवर टाके घालावे लागतात, आणि इथंच आईचं गणित अडायचं. एका गवसणीला तेवढा वेळ देणं परवडत होतं, एका बाजारपिशवीला नाही.

बाजारपिशव्या तिनं सुरू केल्या त्या दवाखान्यांमुळं. नातेवाईक पेशंटसाठी डबा आणतात. डबा आडवा झाला की आमटी सांडते, साध्या पिशवीत तो आडवा होतोच. दोन तुकडे जोडून केलेल्या पिशवीला तळ असा नसतोच, नुसती खालची शिवण असते. सामान मध्यभागी गोळा होतं, बाजू आत ओढल्या जातात, आणि डबा, थर्मास, औषधाची बाटली एकमेकांच्या अंगावर कलंडतात. आईनं खाली चार बोटं रुंदीचे कोपरे काढून पिशवीला बसकण दिली. मोजून बारा इंच लांब, पाच इंच रुंद. तीन पुडांचा पितळी डबा आणि शेजारी थर्मास उभा राहील एवढी. दवाखान्याच्या फाटकासमोर एक फळवाले मामा बसत, ते गाड्याच्या दांडीला तिच्या पिशव्या टांगून ठेवत. पिशवी पंधरा रुपयांना, त्यातले दोन मामांचे.

बसकण तर झाली, पण तिला ताठ ठेवायचं कशानं? त्या दोन-तीन वर्षांत आईनं काय काय करून बघितलं ते मी पाहिलं आहे. आधी खळ. घोंगडी विणणारे ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, तशीच तिनं चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ केली आणि कापडाचे चार पदर तिनं चिकटवून उन्हात वाळवले. तळ पापडासारखा कडक झाला. आठ दिवसांत त्याला झुरळं लागली. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही, असं कुणी तरी सुचवलं. आईनं तिथल्या तिथं नाही म्हटलं. पिशवीत आजारी माणसाचं जेवण जाणार, तिच्या बुडाला विष कशाला? मग तिनं बाटल्यांच्या खोक्यातलं प्लास्टिक कापून घातलं, ते उन्हात वाकडं झालं. पत्र्याच्या डब्याचं झाकण सपाट करून घातलं, त्यानं कापड कापलं. वडिलांच्या दुकानातल्या जुन्या ट्यूबचा तुकडा आतून लावला, तो ताठ नव्हताच. पण तोच तुकडा बाहेरून, चार कोपऱ्यांना बोटभर पट्ट्या करून लावला तर पिशवी जमिनीवर ठेवल्यावर कापड झिजत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ट्यूबच्या त्या पट्ट्या शेवटपर्यंत तिच्या पिशव्यांना राहिल्या. वडील त्या संध्याकाळी दुकान बंद करताना कापून ठेवत.

आणि मग एक्सरेची फिल्म सापडली. एक्सरेच्या फिल्ममध्ये चांदी असते. ती काढून घेणारे लोक जुन्या फिल्म भंगारातून विकत घेतात, चांदी काढून झाली की खाली उरतं ते निळसर पारदर्शक पॉलिएस्टर. जाडी एक पंचमांश मिलीमीटरहूनही थोडी कमी, पण चिवट. पाण्यानं काही होत नाही, बुरशी नाही, कीड नाही, फाटता फाटत नाही. स्टेशनकडच्या एका भंगारवाल्याकडं ती किलोवर मिळायची, तीस रुपये किलो. एक फिल्म लवचीक असते. तीन एकावर एक ठेवल्या की तळ बसतो. तीन फिल्मांचं वजन अडीच-तीन तोळ्यांच्या आसपास. चाळीस पिशव्यांना सव्वा किलो पुरायची.

फिल्मचे नियम आईनं चुका करत करत शोधले. फिल्म कधी शिवायची नाही. सुई जाते तिथं टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि वजन आलं की ती त्याच रांगेवर फाटते. चारही कोपरे रुपयाचं नाणं ठेवून गोल कापायचे, नाही तर टोक कापडातून बाहेर येतं. तळापेक्षा अर्धं बोट लहान कापायची, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. आणि फिल्म पिशवीत नुसती टाकायची नाही. उशीच्या अभ्र्यासारखी एक खोळ करायची, तिच्यात सरकवायची, खोळीची एक बाजू तळाला शिवायची आणि तोंड उघडं ठेवायचं. पिशवी धुताना फिल्म काढावी, वाळली की परत घालावी.

आणखी एक नियम होता, तो शिवणकामाचा नव्हता. चांदी काढलेल्या फिल्मवर कधी कधी चित्र नीट गेलेलं नसे. अर्धी बरगडी राहायची, एखाद्या कोपऱ्यात नाव आणि नंबर. आई धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात त्या फिल्म भिजवायची आणि नारळाच्या शेंडीनं घासून काच करायची. मी एकदा म्हटलं, आत खोळीत कोण बघायला जातंय? ती म्हणाली, "कुणाची छाती कुणाच्या बाजारात कशाला?"

१९९२ सालच्या जुलैमध्ये आजी आजारी पडली म्हणून आई पंधरा दिवस माहेरी, कवठेमहांकाळकडं गेली. जाताना बेचाळीस पिशव्या शिवून ठेवल्या होत्या. माझ्याकडं फक्त तळ राहिले होते. तिनं चाळीस रुपये माझ्या हातात दिले, भंगारवाल्याकडून फिल्म आणायची, कापायची, खोळीत घालायची आणि पिशव्या मामांकडं पोचवायच्या. मी दहावी होऊन नुकतीच कॉलेजला जायला लागले होते. वर्गातल्या मुली सुटीत कॅन्टीनला जायच्या, मी पाणी प्यायला म्हणून बाहेर थांबायची. ते चाळीस रुपये माझ्या कंपासपेटीत दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी मी लक्ष्मी मार्केटकडच्या एका चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी मागून आणली. फुकट. पुठ्ठा मी अगदी नीट कापला, कोपरे नाणं ठेवून गोल केले, दोन-दोन तुकडे खळीनं चिकटवले. खरं सांगायचं तर हाताला तो फिल्मपेक्षा जास्त ताठ लागत होता. गाड्यावर टांगलेल्या पिशव्या इतक्या चौकोनी, इतक्या सुबक दिसत होत्या की मामा म्हणाले, या खेपेला माल झकास आहे.

एक गोष्ट मात्र मी केली, आणि ती मला आजही पैशापेक्षा जास्त टोचते. खोळीची तोंडं मी शिवून टाकली. बेचाळीसच्या बेचाळीस.

पुठ्ठ्याचं काय होतं ते कुणाला सांगायला नको. कागदाचा ताठपणा त्याच्या तंतूंनी एकमेकांना धरून ठेवण्यात असतो, आणि पाणी आधी तीच पकड सोडवतं. खोक्यांचा करडा पुठ्ठा तर रद्दीचाच केलेला, त्याचे तंतू आधीच आखूड. त्या वर्षी आषाढात पाऊस लागून राहिला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं पिशव्या ओल्या फरशीवर ठेवतात. ट्यूबच्या पट्ट्या किती उचलून धरणार? पाणी कापडातून चढतं, खोळीत शिरतं, आणि तोंड शिवलेलं असल्यामुळं ती आतून वाळतही नाही.

आई माहेराहून आली त्याच दिवशी दुपारी ती बाई आमच्या दारात आली. मामांनी घर दाखवलं होतं. अथणीकडची, वय माझ्या आईएवढं, हिरवं इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिला मराठी थोडं थोडं येत होतं. नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सहा दिवसांनी डॉक्टरांनी पहिल्यांदा पेज द्यायला सांगितली होती. धर्मशाळेत स्टोव्हवर तिनं ती केली, डबा पिशवीत ठेवला, दवाखान्याचा जिना चढताना तळ एका बाजूनं खचला, डबा आडवा झाला, पुडाची कडी निघाली. पेज जिन्यावर गेली. हे सगळं तिनं सांगितलं नाही, ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दारात उभी राहून तिनं फक्त पिशवी उलटी धरली. तळाला मधोमध एक फुगवटा आला होता, खालून पाणी ठिबकत होतं. ती आईला म्हणाली, "अक्का, तळ."

भांडायला आली असती तर मी काही तरी बोलले असते. ती दाखवायला आली होती, एवढंच. जशी बाई बाईला सांगते, की बघ गं, हे असं झालं.

आईनं पिशवी घेतली, मशीनच्या खणातून कात्री काढली. खोळीच्या तोंडाशी तिचा हात थांबला. मग तिनं शिवण कापली आणि आतला लगदा ओट्यावर ठेवला. वरच्या कागदावर छापलेलं अजून वाचता येत होतं: काळा, ७ नंबर. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तोंड का शिवलंस?"

पुठ्ठा का घातलास, असं तिनं विचारलं नाही. मी काही तरी उत्तर द्यायचं म्हणून म्हटलं, "तळ कोण बघतंय?"

"सामान बघतंय की," आई म्हणाली.

मग तिनं त्या बाईला आत घेतलं, चहा दिला, तांदूळ धुऊन पेज टाकली. स्वतःच्या बाजारपिशवीतली फिल्म काढून नव्या पिशवीत घातली, डबा त्यात ठेवला, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, पोचवून ये. मी त्या बाईच्या मागून पावसात चालत गेले. दहा-बारा मिनिटांचाच रस्ता, पण हातातल्या पिशवीचं इतकं भान मला आधी कधी नव्हतं आणि नंतरही नाही. जिन्यावर अजून पांढरट डाग होते, कुणी तरी त्यावर पोतं टाकलं होतं. वॉर्डात तिचा नवरा डोळे मिटून पडला होता. तिनं डबा स्टुलावर ठेवला, रिकामी पिशवी उलटी केली आणि तळावर अंगठा दाबून बघितला. मग माझ्याकडं बघून मान हलवली. तळ बघायची माझी खोड तिथली आहे.

त्या रात्री आईनं मला काहीही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः भंगारवाल्याकडं जाऊन फिल्म घेऊन आली. बेचाळीसपैकी एकतीस पिशव्या विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या अकरांची शिवण मी उसवली. एकतीसचं काय करायचं? आईनं त्याचं उत्तर आधीच ठरवलं होतं. पाच दिवस ती फळांच्या गाड्याशेजारी बारदान टाकून बसली. समोर कापलेल्या फिल्मचा गठ्ठा आणि हातात कात्री. तिच्या हातची पिशवी दिसली की ती माणसाला थांबवायची, शिवण कापायची, पुठ्ठा काढायची, फिल्म सरकवायची. कन्नड येत नव्हतं तिथं नुसतं "तळ, तळ" म्हणायची, तेवढं पुरायचं. मी कॉलेज सुटल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसायची. कॉलेजच्या मुली तिथून जायच्या, मला बघायच्या. मी खाली मान घालून नाण्याभोवती कोपरे कापत राहायची.

तिथं बसल्या बसल्या आईनं मला जे सांगितलं ते मी आता शनिवारी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते. ताठपणा वेगळा आणि बळ वेगळं. तळात काहीही घाला, ते पिशवीचा आकार धरतं; वजन धरत नाही. वजन धरतो तो पट्टा. हाताच्या पट्ट्याला वरच्या काठाशी दोन टाके मारून सोडलं तर सगळा भार त्या दोन टाक्यांवर येतो. तोच पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरवून तळाखालून फिरवला, की सामान पट्ट्यावर बसतं आणि कापडाला नुसतं सोबत राहावं लागतं. यासाठी नवीन काही लागत नाही, जुन्या खाटेची नवार मिळाली तरी पुरते. आई म्हणाली, "माझ्या पिशवीचा पट्टा खालून गेलाय, म्हणून ती नुसती खचली. फाटली असती तर डबा त्या बाईच्या पायावर गेला असता." ती माझं सांत्वन करत होती की कान उपटत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

पाच दिवसांत एकतीसपैकी सव्वीस पिशव्या सापडल्या. पाच नाही सापडल्या. त्या माणसांना दवाखान्यातून सोडलं असेल, ती आपापल्या गावी गेली असतील. आई घरी आल्यावर बोटं मोजून म्हणाली, "पाच राहिल्या," आणि मशीनवर बसली. पुढं कितीतरी वर्षं मी एस.टी. स्टँडवर कुणाच्या हातात आमच्या कापडाची पिशवी दिसली की तळाकडं बघायची.

आता फिल्म मिळत नाही. एक्सरे संगणकाच्या पडद्यावर दिसतात, भंगारात निळी फिल्म क्वचित येते. पण स्वस्त तळाला आज तोटा नाही. कर्नाटकानं २०१६ साली आणि महाराष्ट्रानं २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणल्यापासून कापडी पिशवीला पुन्हा दिवस आले, जरी कापड म्हणून दुकानदार हातात ठेवतात ती पिशवी बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनचीच असते. आमच्या शनिवारी सगळ्यांत लाडका तळ आहे तो आइस्क्रीमच्या मोठ्या चौकोनी डब्याच्या झाकणाचा. कडा कापून टाकायच्या, सपाट भाग घ्यायचा. जुन्या प्लास्टिक फायलींची दोन पुठ्ठळं एकमेकांना चिकटपट्टीनं बांधली तरी लहान पिशवीला पुरतात. जाहिरातींचे फलक ज्या पोकळ नळ्यांच्या प्लास्टिकचे असतात, ते हलकं आणि ताठ असतं, पण त्याला दिशा असते. नळ्या पिशवीच्या लांबीला धरून ठेवायच्या. आडव्या ठेवल्या तर ते वहीसारखं मिटतं. भार जास्त असेल तर दोन तुकडे, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. फ्लेक्सचं कापड ताठ नसतं, पण खोळ त्याची केली तर ओल वर चढत नाही. खोक्यांना बांधून येणाऱ्या पॅकिंगच्या पट्ट्या बाजेसारख्या एकीखालून एक विणल्या तर चांगली जाळी होते, धुता येते, वाऱ्यानं वाळते. ही युक्ती आमच्यातल्या तेलुगू बाईंची. तुटते ती फोमची पांढरी फळी. आणि पुठ्ठा? पुठ्ठाही चालतो, कोरड्या सामानाच्या पिशवीला, आणि घेणाऱ्याला आधी सांगितलं असेल तर.

यातला तळ कुठलाही असो, कोपरे आम्ही नाण्यानंच गोल करतो. आणि पिशवी झाली की तिची परीक्षा होते. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन, शेजारी स्टीलचा डबा, डब्यात काठोकाठ पाणी. पिशवी उचलायची, जिना उतरायचा, चढायचा, खाली ठेवायची. पाणी सांडलं तर तळ उसवायचा. नवीन आलेल्या मुली हसतात. मग एखादीचं पाणी सांडतं, आणि त्या हसायच्या थांबतात.

चाळीस रुपयांचं काय झालं? सदतीस मी कॅन्टीनला आणि एका सिनेमाला घालवले. तीन रुपये राहिले होते. आई गाड्यापाशी बसली त्या पाच दिवसांत कधी तरी मी ते तिच्या डाळीच्या डब्यात टाकले. तिनं पैशाबद्दल कधी विचारलं नाही. मी धरून चालले की तिच्या डोक्यात ते आलंच नाही. तिला वाटलं असेल, फिल्म मिळाली नाही म्हणून पोरीनं पुठ्ठा विकत आणला. बी.ए. झाले, लग्न झालं, बंगळुरूला आले, ती समजूत मी जपून ठेवली. बरी होती ती मला.

आई आता शहात्तर वर्षांची आहे, मिरजेला भावाकडं असते. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून शिवण थांबलं, पण घरात कुठली पिशवी आली की हात आपोआप तळाशी जातो असं वहिनी सांगते. गेल्या महिन्यात फोनवर बोलताना मी शनिवारच्या बायकांचं सांगत होते. एकीनं पुठ्ठा घातला होता, मी उसवायला लावला, असं म्हटलं आणि मग, का कोण जाणे, विचारून टाकलं, "आई, तेव्हा तुला पैशाचं कळलं होतं?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो कुणी तरी बारीक केला.

"चपलांची खोकी फुकट मिळतात," आई म्हणाली, "मला काय ठाऊक नाही?"

मी काहीच बोलले नाही. तीही थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं विचारलं, "आता कशाचा घालतीस तळ?"

"आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण."

"ताठ राहतंय?"

"राहतंय."

"आणि खोळीचं तोंड?"

"उघडं," मी म्हटलं. "उघडं ठेवते."